उतारा समोर छापलेला असतो

दहावीची तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. भाषाभ्यासाला १०, पुस्तकातल्या दोन उताऱ्यांना २०, कवितेला १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश यांना मिळून १५. पुढे पत्र आणि संवाद किंवा भाषण १०, माहितीचं रूपांतर आणि बातमी किंवा गोष्ट १०, शेवटी भाषांतर ५. वरचे २० तोंडीचे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की ही विभागणी मी नववीच्या फळ्यावर लिहिते, कारण त्यांच्याही पेपराचा साचा पुष्कळसा असाच असतो, आणि विचारते, यातले किती गुण पाठांतराचे? मागच्या बाकावरून उत्तर येतं, "सगळेच, मॅडम."

खरं तर जवळजवळ एकही नाही. उतारा पुस्तकातला असला तरी तो पेपरात छापून येतो. कविता छापून येते. तिच्या रसग्रहणाचे मुद्दे दिलेले असतात. पत्रासाठी चौकटीत जाहिरात किंवा माहितीपत्रक असतं, आणि पत्रात घालायचं निम्मं साहित्य त्यातच असतं. शब्द वर्णक्रमाने लावा म्हटलं तर ते शब्दही समोर असतात. एवढं सगळं डोळ्यांपुढे ठेवून घेतलेल्या परीक्षेला आमची मुलं रात्र रात्र जागून, गाईडातली उत्तरं घोकून येतात आणि पेपर हातात पडल्यावर उतारा न वाचताच घोकलेलं लिहायला लागतात. प्रश्न एकीकडे, उत्तर दुसरीकडे. उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वांत जास्त लाल शाई लागते ती व्याकरणाला नाही, या न वाचण्याला.

मुळशी तालुक्यात इंग्रजीची भीती घराघरात आहे, आणि तिला कारण आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. माझ्या वर्गातल्या कित्येकांचे आईवडील त्या जुन्या रीतीने शिकलेले, आणि त्यांतले बरेच जण इंग्रजी आणि गणितापाशीच अडकलेले. पालकसभेला येतात आणि उभ्या उभ्या सांगून जातात, "मॅडम, पोराला तेवढं इंग्लिशचं बघा." मुलाची मात्र इंग्रजीशी गाठ पहिलीपासून आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं होतात. ही दहा वर्षं जातात कुठे, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : फळ्यावरून वहीत आणि गाईडातून वहीत उतरवून घेण्यात. स्वाध्यायाच्या चाळीस वह्या आल्या की चाळीसही वह्यांत तेच उत्तर. त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेलेली दिसते. वह्या तपासता तपासता कोण कोणाशेजारी बसतं हे मला कळतं, बाकी काही कळत नाही.

म्हणून गाईडात सापडणार नाही असा गृहपाठ देणं हा माझ्या कामाचा गाभा झाला. ऐकायला सोपं, करायला किचकट. गाईडातलं नमुना पत्र मित्राला महाबळेश्वरच्या सहलीचं वर्णन करतं. स्ट्रॉबेरी, नौकाविहार, सूर्यास्त. महाबळेश्वर कधीही न पाहिलेला माझा विद्यार्थी ते मन लावून पाठ करतो. शनिवार-रविवारी पुण्याहून ताम्हिणीकडे निघालेल्या मोटारींची रांग मात्र त्याच्या दारावरून जाते. इतरांचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे याचं घर. मग मी विषय देते : कोथरूडला राहणाऱ्या मावसभावाला आपल्या गावी बोलाव. एसटी कुठे पकडायची, कोणत्या फाट्यावर उतरायचं, पावसाळ्यात पायात काय घालायचं, आवणी चालू असेल तर कोणाच्या खाचरातून जायचं नाही, धबधब्यावर कुठवर जायचं. पत्र चुकांनी भरलेलं येतं. पण चुका त्याच्या स्वतःच्या असतात. दुरुस्त करायला निदान काहीतरी हातात येतं.

त्या चुकांतही एक रीत सापडते. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून 'माय फादर इज फार्मर'. 'डिड' आल्यावर क्रियापद मूळ रूपात येतं हे लक्षात राहत नाही, म्हणून 'ही डिड नॉट वेन्ट'. 'घरी' या एका शब्दात आपलं काम भागतं, म्हणून 'वुई वेन्ट टू होम'. हे तीन प्रकार आटोक्यात आले तरी सामान्य विद्यार्थ्याचं पत्र वाचण्याजोगं होतं. बाकीच्या चुकांकडे मी सहामाहीपर्यंत कानाडोळा करते. प्रत्येक चुकीवर लाल रेघ मारली तर मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं, तेही गाईडातल्या.

बातमीलेखनाला तर आमच्या रस्त्यानेच विषय दिला. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एक वाजता चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला. तोंडावर सहामाही परीक्षा. मुळशीतून पुण्यात जाणाऱ्या प्रत्येकाचा तो चौक. मथळा, ठिकाण-तारीख, पहिल्या दोन वाक्यांत घटनेचा सारांश आणि मग तपशील, हा साचा मी एरवी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. त्या आठवड्यात फारसं सांगावं लागलं नाही. स्फोटात पूल पूर्ण पडला नव्हता, उरलेला भाग यंत्रांनी काढावा लागला. मुलांनी बरोबर तीच गोष्ट उचलली, कारण बातमी तीच होती. एरवी बातमीत स्वतःचं मत घुसडणारी मुलं त्या दिवशी फक्त काय झालं ते लिहीत होती.

माहितीच्या रूपांतरासाठी माझ्या मते मुळशी धरणासारखा विषय नाही. आठदहा सोप्या वाक्यांचा परिच्छेद मी लिहून देते : धरण टाटांनी बांधलं, पाणी अडवलं ते वीज करण्यासाठी, ते बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाट उतरून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात जातं, तिथून कुंडलिका नदीला मिळतं. मुलांनी त्याचा ओघतक्ता काढायचा. दुसऱ्या दिवशी उलट, ओघतक्ता देऊन परिच्छेद लिहायचा. पाच गुणांचा प्रश्न, पण वर्गाला दोन तासिका पुरत नाहीत, कारण मुलं प्रश्न विचारू लागतात. कोणाचे पणजोबा बुडालेल्या गावातले असतात. १९२१ चा मुळशी सत्याग्रह सगळ्यांनी ऐकलेला असतो. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून, हेही त्यांना ठाऊक असतं. मग मी फळ्यावर लिहिते, 'द व्हिलेजेस वेर सबमर्ज्ड'. कर्मणी प्रयोग. गावं बुडवली गेली, पण कोणी बुडवली ते वाक्यात कुठेच नाही. आता 'बाय' लावून वाक्य पुरं करा. वर्गात कोणी कंपनी लिहितं, कोणी सरकार, एखादा नुसताच 'वॉटर' लिहून मोकळा होतो. प्रयोग बदलण्याचे नियम मी वर्षानुवर्षं शिकवते आहे. तो प्रयोग माणसं कशासाठी वापरतात, हे मुलांना या एका वाक्यात कळतं.

आता यावर कोणी म्हणेल, सगळंच आपल्या गावचं द्यावं. तसं चालत नाही. लिहायला जवळचा विषय हवा, वाचायला लांबचा. पुस्तकाबाहेरचा उतारा म्हणून भातशेतीचा उतारा दिला तर मुळशीतलं मूल तो वाचणारच नाही. इंद्रायणी तांदळाबद्दल त्याला उताऱ्याहून जास्त माहीत असतं, ते तेच लिहितं आणि उत्तर खरं असूनही गुण जातात. म्हणून सहामाहीचा पेपर काढताना मी उतारा दूरचा शोधते. दीपगृह, लडाखमधला हिवाळा, वाळवंटातला उंट. अंदाजाला वावच ठेवायचा नाही, वाक्यावाक्याला परत उताऱ्याकडे जावं लागलं पाहिजे. पेपर काढणं हे शिकवण्याइतकंच कसबाचं काम आहे आणि त्याची किंमत कोणी करत नाही. संविधान तक्ता भरून द्यायचा, कोणत्या घटकाला किती गुण, सोपे किती, अवघड किती, ते जुळवायचं. कागदावर तक्ता जुळतो. पण उताऱ्यावरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या तीन ओळींत असावं, म्हणजे घाबरलेलं मूल निदान पेपरात शिरेल, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे अभ्यासाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. जुलैत आवणीला घरातले सगळे हात लागतात आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. त्या महिन्यात मी मोठा गृहपाठ देत नाही. जाहिरातींच्या पाट्या वाचून या म्हणते. पौडपासून भूगावपर्यंतच्या रस्त्यावर इंग्रजी फुकट मिळतं : 'फार्महाऊस प्लॉट्स', 'रिव्हर व्ह्यू', 'सेकंड होम'. दहा शब्द उतरवा, वर्णक्रमाने लावा, एकेका मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून चार लहान शब्द करा. पहिल्या प्रश्नाची तयारी रस्त्यावर होते. (पाट्यांवर विकायला काढलेल्या जमिनी कोणाच्या, हे मुलं आपसांत बोलतात. ते मी ऐकते, त्यावर गृहपाठ देत नाही.) ऑगस्टमध्ये वर्ग भरतो, मग गणपती, मग नवरात्र, आणि बघता बघता दिवाळीआधीची परीक्षा येऊन ठेपते.

शेवटच्या पंधरवड्यात मी नवीन काही शिकवत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या वहीतल्या लाल खुणा मोजून आपल्या चुकांचं एक पान करायचं. 'मोस्ट इम्पॉर्टन्ट' म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून फिरणाऱ्या कागदांपेक्षा ते पान महत्त्वाचं. आणि एकदा तरी पूर्ण तीन तास एका जागी बसून पेपर सोडवायचा. अनेकांचे गुण जातात ते येत नाही म्हणून नाही, वेळ पुरत नाही म्हणून. अख्खा प्रश्न उतरवून काढत बसतात. प्रश्न क्रमांक लिही, उत्तर लिही, पुढे जा, एवढंच सांगायचं असतं. ज्यांना ३५ गुणांचीच चिंता आहे त्यांना वेगळं बसवते. भाषाभ्यास, ओघतक्ता, उताऱ्यावरचे चूक-बरोबरचे प्रश्न, शेवटच्या प्रश्नातले शब्दांचे अर्थ, असे सुटे गुण एकेक करून त्यांच्यासमोर मांडते. आपल्याला इंग्रजी येतच नाही असं धरून बसलेल्या मुलाला हे गुण गोळा करता येतात, आणि ते कळलं की लेखनाच्या प्रश्नांकडे बघण्याची त्याची नजर बदलते.

तोंडीचे २० गुण हे फुकटचे गुण, असं शहरात म्हटलं जातं. २०१९ च्या दहावीला भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. घसरणीला नवा अभ्यासक्रम वगैरे आणखीही कारणं होती, पण एवढं नक्की की लेखी परीक्षेत अडणारं मूल कधीकधी बोलण्यात तरतं. आणि २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही तेव्हा निकाल लागला तो नववीच्या गुणांवर ५०, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनावर ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकावर २०, असा. "हे पेपरात येणार का?" असं विचारून गृहपाठ टाळणाऱ्यांना मी तो निकाल सांगते. त्या वर्षी पेपर आलाच नाही, वही मात्र मोजली गेली.

संवादलेखनाचा माझा आवडता विषय आहे वाट चुकलेला पर्यटक आणि गावातला मुलगा. तो मी आधी बोलून घेते, मग लिहून. वाट दाखवणं मुळशीतल्या मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. उजवीकडे, देवळापाशी, ओढा ओलांडून, हे सगळं त्याच्या तोंडात असतं, फक्त ते इंग्रजीत जुळवायचं असतं. वर्गात ते जुळतं. रस्त्यावर पोराने धीर करून पहिलं वाक्य इंग्रजीत टाकलं की समोरचा मोटारवाला हसून हिंदीवर येतो, आणि महिन्याभराची तयारी तिथे संपते.

तेव्हा पुण्याहून ताम्हिणीला जाणाऱ्यांना एक विनंती. पौडच्या पुढे रस्त्याकडेला एखाद्या शाळकरी मुलाने इंग्रजीत काही विचारलं किंवा सांगितलं, तर इंग्रजीतच उत्तर द्या. सावकाश बोला, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. घाई असेल तरी थांबा. ऑक्टोबरात त्याची तोंडी परीक्षा आहे.