मागची चाकं, पुढची चाकं

आपल्या भागात कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न असतो, 'ॲव्हरेज किती?' आणि दुसरा, 'पुढं विकली तर किती येतील?' गाडीची कुठली चाकं इंजिनाला जोडलेली आहेत, असं विचारणारा माणूस विरळा. विचारायचं काही कारणही नसतं. बाजारात जाताना, तवंदीचा घाट चढताना किंवा हुबळीला लग्नाला निघताना गाडी मागून ढकलली जाते की पुढून ओढली जाते, याचा कुणाला पत्ता लागत नाही. मला तो लागला, कारण मला एक खोड आहे. वर्षातून दोनदा मी साडेआठशे किलोमीटर जाऊन कोईमतूरजवळच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवून येतो.

खुलासा आधीच करतो, कारण कॉलेजातली पोरं 'सर रेस मारतात' म्हणून बोंब मारत असतात. ही रेस नव्हे. याला ट्रॅक डे म्हणतात. हौशी माणसं आपापल्या गाड्या घेऊन येतात. गाड्यांची तपासणी होते, हेल्मेट सक्तीचं असतं, गट पाडून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दिला जातो. समोरून वाहन येत नाही, म्हैस आडवी येत नाही, बक्षीसही नसतं. स्पर्धा असते ती कालच्या स्वतःशी. आम्ही जातो तो कारी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर. एस. करिवर्धन यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. या माणसानं १९८८च्या सुमारास मारुतीचं इंजिन घेऊन एकाच माणसाला बसता येईल अशी स्वस्त रेसगाडी बनवली आणि आपल्याकडच्या कितीतरी तरुणांना रेसिंगची वाट मोकळी करून दिली. गंमत पाहा, मारुतीच्या घरगुती गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतं. या रेसगाडीत ते चालकाच्या पाठीमागं बसून मागची चाकं फिरवू लागलं. कंपनी तीच, चाल वेगळी.

आमच्या घरची चाल मागच्या चाकांची. अप्पांनी १९९४ साली प्रीमियर ११८ एनई घेतली. फियाटच्या जुन्या १२४ मॉडेलचा सांगाडा आणि त्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. ताकद जेमतेम ५२ अश्वशक्ती. त्या काळी ही गाडी म्हणजे साखर कारखान्यातल्या नोकरदाराची कमाल मजल. १९९८ साली मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा अप्पांनी मला तिच्यावर शिकवलं. पावसात, ओल्या मोकळ्या मैदानावर. 'स्टेअरिंग दिशा दाखवतंय, ढकलतो तो तुझा पाय. पाय अलगद टाक' हे त्यांचं पालुपद. आणि दुसरं वाक्य असं, 'ही गाडी जमली की कुठलीही जमते.' हे दुसरं वाक्य मी पंचवीस वर्षं वेदवाक्य मानून चाललो. २०१६ साली पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तोही हीच गाडी घेऊन. लोकांच्या नव्या कोऱ्या गाड्यांत आमची म्हातारी सर्वांत हळू होती, पण वळणावर तिचा फोटो सगळ्यांनी काढला.

मग ती का सोडली? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. ते एकवेळ परवडतं. परवडत नाहीत ते सुटे भाग. गिअरबॉक्सच्या एका बेअरिंगसाठी मी मुंबई, पुणे, हैदराबाद असे फोन फिरवले. उद्यमबागेत फाउंड्र्यांना आणि लेथवाल्यांना तोटा नाही. इथं काहीही घडवून मिळतं, तेव्हा एक-दोन भाग बनवूनही घेतले. पण ट्रॅकवर ब्रेक आणि गिअर यांचा भरवसा 'चालवून बघू' या तत्त्वावर ठेवता येत नाही. घरी मुलगी आहे, बायको आहे. २०२४चं नूतनीकरण तोंडावर आलं तेव्हा मी ट्रॅकसाठी जुनी स्विफ्ट घ्यायचं ठरवलं. सौ. धारवाडची. तिनं सगळा हिशेब ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाली, 'याक बेकरी इदेल्ला?' हे सगळं कशाला हवंय, या प्रश्नाला दोन्ही भाषांत माझ्याकडे उत्तर नव्हतं. अप्पा काही बोलले नाहीत. ते जास्त जड गेलं.

निपाणीहून २०१३ची स्विफ्ट आणली. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन, वजन हजार किलोच्या आत, पट्टीची गाडी. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन आडवं बसवलेलं, त्याला लागूनच गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, तिथून दोन छोटे शाफ्ट थेट पुढच्या चाकांना. गाडीच्या पोटाखालून मागं जाणारा लांब शाफ्टच नाही. म्हणून आत जागा जास्त, वजन कमी, किंमतही कमी. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्या लहान गाड्या याच वाटेनं गेल्या. मेस्त्रींनी सगळं शास्त्र एका ओळीत सांगितलं, 'सर, हिंदिन गाली दब्बतैति, मुंदिन गाली एळीतैति.' मागचं चाक ढकलतं, पुढचं ओढतं. हातगाडी आणि बैलगाडी यांच्यातला फरक म्हणा ना!

मी मराठी शिकवणारा. पुढचं मला स्टाफरूममधल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावलं, तेही चहाच्या पेल्यावर. पेला पुढं ढकलला की चहा मागच्या काठाला येतो, थांबवला की पुढच्या काठाला. गाडीचा भारही तसाच. वेग वाढवला की भार मागच्या चाकांवर, ब्रेक दाबला की पुढच्या. ज्या चाकावर भार जास्त त्याची पकड जास्त. मागच्या चाकांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दिला की भारही मागं जातो आणि ढकलणारी चाकं तिथंच असतात, म्हणून ती जोरात निघते. पुढच्या चाकांच्या गाडीत उलटं. गरज असते नेमकी तेव्हाच ओढणाऱ्या चाकांवरचा भार हलका होतो.

शिवाय टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. सगळा किराण्यात घातला तर फीला उरत नाही. मागच्या चाकांच्या गाडीत कामाची वाटणी असते, पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. पुढच्या चाकांच्या गाडीत वळवणं, ओढणं आणि ब्रेकचा मोठा वाटा, सगळं त्याच दोघांच्या डोक्यावर. म्हणजे एकाच प्राध्यापकाला वर्ग, नॅकची फाईल आणि निवडणुकीची ड्युटी. मागची दोन चाकं मात्र पेन्शनरासारखी निवांत. ट्रॅकवरून आल्यावर टायर पाहिले की हे डोळ्यांना दिसतं. पुढच्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात आणि मागच्यांवर नव्या टायरचे रबरी केससुद्धा शिल्लक असतात.

ट्रॅकवर या सगळ्याचा अर्थ पायाला समजावून द्यावा लागतो. अप्पांच्या गाडीत वळणाच्या मध्यावर मी पाय हळूहळू दाबत न्यायचो. मागची बाजू किंचित बाहेर झुकायची आणि गाडी जणू कंबरेतून वळायची. ती जास्तच झुकली तर स्टेअरिंग उलट फिरवायचं आणि पाय अलगद सैल करायचा, हे हातापायांत भिनलेलं. स्विफ्टमध्ये त्याच जागी तसाच पाय दाबला की नाक वळणाबाहेर सरकू लागतं. स्टेअरिंग आणखी फिरवावं असं वाटतं, पण त्यानं काही होत नाही. पकड संपलेल्या चाकाला जास्त वळवणं म्हणजे पगार संपल्यावर खर्चाची यादी वाढवणं. तिथं करायचं ते सोपं पण मनाला न पटणारं. पाय थोडा सैल करा. भार पुढं येतो, नाक आपोआप आत येतं.

सर्वांत अवघड धडा मागच्या बाजूचा. वेगात वळताना ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला तर या गाडीचीही मागची बाजू हलकी होऊन बाहेर येऊ शकते. माझ्या जुन्या पायाला तेव्हा वाटतं, अजून सैल कर. ट्रॅकवरचे प्रशिक्षक शेजारी बसून सांगत होते, 'थोडा द्या, द्या, आणि जिकडे जायचं तिकडे बघा.' दिल्यावर पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. अप्पांच्या गाडीत जे केलं असतं तर गाडी फिरली असती, तेच इथं औषध. पंचवीस वर्षांच्या सवयीच्या नेमकं उलट करायला पाय तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तयार झाला. पहिल्या दिवसापेक्षा फेरीला तीन सेकंद कमी लागले. चार गोष्टी बदलल्या होत्या. वळणाआधी ब्रेक सरळ रेषेत, पण शेवटचा थोडा दाब वळायला लागेपर्यंत धरून ठेवायचा, म्हणजे पुढच्या चाकांवर भार राहतो. आत शिरताना घाई नाही. चाकं सरळ होऊ लागल्याशिवाय पूर्ण पाय नाही, नाहीतर आतलं चाक नुसतं गरगरतं. आणि दर सत्रानंतर पुढच्या टायरची हवा तपासायची, कारण ते तापतात आणि दाब वाढतो.

पुढच्या चाकांच्या गाड्या म्हणजे बाजाराच्या गाड्या, खेळाच्या नव्हेत, असं पुष्कळ शौकीन मानतात. इतिहास तसं म्हणत नाही. मोंटे कार्लोच्या बर्फाळ रॅलीत एरिक कार्लसन यांनी १९६२ आणि १९६३ साली साब गाडीत विजय मिळवला. १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी छोट्या मिनीमध्ये. दोन्ही पुढच्या चाकांच्या आणि दोन्हींची इंजिनं लहान. निसरड्यावर ओढणाऱ्या चाकांवरच इंजिनाचं वजन असणं कामाला येतं.

हा बदल शिकताना मला घरातलीच एक गोष्ट आठवत राहिली. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंचं सरसकट एकच लिंग. त्यामुळे लग्नानंतर वर्षभर सौ. 'ते गाडी आलं' म्हणायची. आमचे मामा बाजारात कन्नड बोलताना त्याच्या उलट करायचे, गाडीला स्त्री करून 'गाडी बंदळु' म्हणायचे आणि दुकानदार हसायचे. दोघांनाही दुसरी भाषा कळत होती, पण जिभेला पहिलीची सवय. माझ्या पायाचं तसंच. आमच्या मुलीला मात्र हा त्रास नाही. आजोबांशी 'गाडी आली', धारवाडच्या अज्जीशी 'गाडी बंतु'. ती कधी अडखळल्याचं ऐकलं नाही.

अप्पांच्या दुसऱ्या वाक्याचं काय? घरी आल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, 'जमली का?' आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्याशी गुळमुळीत बोलून चालत नाही. मी सांगितलं, नजर तुमची कामाला आली, ब्रेक तुमचा कामाला आला, धीर तर सगळा तुमचाच. उजवा पाय मात्र नव्यानं शाळेत घालावा लागला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'मग अर्धं तरी खरं होतं.' ११८ एनई हुबळीच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनानं नेली. तो ती नीट करून सांभाळणार आहे. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत अप्पा फाटकात उभे होते. त्या दिवशी सौ.नं 'याक बेकरी' विचारलं नाही. चहा करून दिला.

शेवटी तरुण वाचकांसाठी दोन गोष्टी. आपला नेहमीचा विमा रेस आणि वेगाच्या चाचणीचं नुकसान भरून देत नाही. ट्रॅकवर जाण्याआधी आपली पॉलिसी नीट वाचा. आणि ट्रॅकवर जे शिकलात त्याची परीक्षा चोर्ला घाटात घेऊ नका. तिथल्या वळणापलीकडे काय आहे हे कुणालाच दिसत नसतं. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी गाडी निघताना सांगायचा एकच शब्द ठेवला आहे, तो मराठीतही तोच आणि आमच्या उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्येही तोच. सावकाश.