अण्णांच्या चपलेचा आवाज

पहाटे साडेपाचला आमच्या जिन्यात फट्... फट्... असा आवाज यायचा. अण्णा पेपर टाकायला आले, हे त्यावरून कळायचं. उजवा पाय ते गुडघ्यातून जरा जास्तच उचलायचे आणि पंजा खाली आपटायचा. चालायची ढब असेल, असं मी धरून चाललो. बावीस वर्षं पत्रकारिता करतोय, तरी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी स्टँडवरच्या टपरीवर उकळत्या चहाचा ग्लास त्यांनी मुठीत धरून ठेवला होता. टपरीवाला ओरडला, "अण्णा, भाजेल ना!" ग्लास खाली ठेवला तेव्हा बोटावर फोड आला होता. अण्णा त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं बोट असल्यासारखं बघत होते. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. मग बाजूला नेऊन म्हणाले, "कुष्ठरोग झाला होता. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, केव्हाच बरा झालो. रोग गेला रे, पण हात-पाय असे करून गेला." घरात बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं.

आता माझी गोष्ट. डिसेंबर २००५ अखेर देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि सरकारने 'निर्मूलन' जाहीर केलं. मी मथळा दिला होता, 'कुष्ठरोग हद्दपार'. 'एकाच्या खाली' म्हणजे शून्य नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मथळ्यात बसत नव्हतं. तो अंक घरोघर वाटला अण्णांनीच.

गोळ्यांनी जंतू मरतात. मज्जातंतू एकदा मेले की गोळ्यांनी परत येत नाहीत. सुरुवातीच्या सहा महिन्यांत लक्षात आलं तर औषधांनी फरक पडू शकतो. अण्णांची ती वेळ केव्हाच टळली होती. पण मज्जातंतू गेला तरी सगळे स्नायू जात नाहीत. मधल्या बोटाला वाकवणाऱ्या दोन शिरा असतात. (टेंडन म्हणजे स्नायूची दोरी, आपण सरसकट शीरच म्हणतो.) त्यातली एक काढून, तिचे फाटे करून ते वळलेल्या बोटांना जोडतात. मधल्या बोटाचं काम उरलेल्या एकीवर भागतं. घरातलं जास्तीचं भांडं शेजारी द्यावं तसं. पाय लुळा पडला असेल तर नडगीमागचा, पाऊल आत वळवणारा स्नायू पुढे आणून पावलावर जोडतात, म्हणजे पंजा उचलता येतो. हे काल-परवाचं नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे मुंबईत डॉ. एन. एच. अंतिया यांनी या कामात आयुष्य घातलं. आणि मला पंचेचाळिशीत कळलं!

अण्णा वर्षभर टाळत राहिले. ऑपरेशनची भीती नव्हती. लाइन कोण टाकणार? आणि 'कुठल्या दवाखान्यात गेला होतात?' याचं उत्तर काय द्यायचं? शेवटी पुतण्याने सायकल घेतली आणि अण्णा 'हात मोडला' असं सांगून गेले.

आधी काही आठवडे नुसता व्यायाम. आखडलेली बोटं सैल व्हायला मेणाचा शेक, तेल, पट्ट्या. मग ऑपरेशन, तीन आठवडे प्लास्टर. खरी कसोटी त्यानंतर. जी शीर आयुष्यभर मधलं बोट वाकवत होती, तिला नवं काम शिकवायचं. अण्णा सांगत होते, "ती फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणायची, मधलं बोट वाकवतोय असं मनात आणा. मनात आणलं की करंगळी हलायची. हसूच आलं मला."

शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमात मोफत होते. मजुरी बुडते म्हणून रुग्णाला १२ हजार रुपये मिळतात, हप्त्यांत. अण्णांच्या शेवटच्या हप्त्यासाठी एका कार्यालयात आम्ही चार खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते, चौथ्या खेपेला बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स हरवली होती. हे आधी छापलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा म्हटलं, आधी अण्णांचे पैसे मिळू देत.

आता ते पेपरची बिलं गोळा करताना नोटा स्वतः मोजतात. शर्टाची बटणं लावतात. बोटांची जाणीव मात्र परत आलेली नाही, ती या ऑपरेशनने येतही नाही. टपरीवाला त्यांना आता कान असलेल्या कपात चहा देतो. कारण त्याने विचारलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणाची बोटं अशी वळलेली असतील, पाय घासत असेल, अंगावर बधिर चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. बोटं पूर्ण कडक व्हायच्या आत. आशाताईंनाही यातलं माहीत असतं.

ही पोस्ट अण्णांना वाचून दाखवली. "टाक, पण नाव नको," म्हणाले. पायाच्या ऑपरेशनचं विचारलं. तिथे प्लास्टर जास्त दिवस राहतं, आणि पोराचं लग्न ठरायचंय. दिवाळी अंकांचं वाटप झालं की बघू म्हणाले. आज पहाटेही जिन्यात आवाज आला, फट्... फट्...