वॉल्थमच्या खिशातल्या घड्याळाची ओळख



बॉस्टनच्या परिसरातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत वॉल्थमची खिशातली घड्याळे नेहमी दिसतात, ती ओळखावीत कशी आणि त्यांतले कोणते जपण्याजोगे, असा भाचीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका सूत्रात सांगता येते. घड्याळावरची प्रत्येक खूण कोणत्या तरी कारणाने तिथे आलेली असते आणि ते कारण उमगले, की घड्याळाचा काळ, दर्जा व अस्सलपणा यांचा निवाडा करता येतो.

ॲरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी १८५० मध्ये रॉक्सबरी येथे हा घड्याळांचा उद्योग उभारला आणि १८५४ मध्ये तो चार्ल्स नदीकाठच्या वॉल्थम गावी नेला. तोवर घड्याळाचे भाग कारागीर हाताने घासून एकमेकांत बसवीत असत, त्यामुळे एकाचे चाक दुसऱ्यात सहसा बसत नसे. डेनिसनच्या कारखान्याने मात्र यंत्रांवर एकसारखे भाग काढण्याचा ध्यास घेतला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात या पद्धतीचे सामर्थ्य पाहून स्वित्झर्लंडचा अभियंता झाक दाविद इतका अस्वस्थ झाला, की परतल्यावर त्याने आपल्या देशातील घड्याळ उद्योगाला सावध करणारा सविस्तर अहवाल लिहिला.

या कारखानदारीतूनच ओळखीचा पहिला नियम निघतो. अमेरिकी कारखाने बहुधा फक्त मशीन, म्हणजे घड्याळाचे आतले चालते यंत्र, विकत आणि बाहेरची डबी, जिला केस म्हणतात, ती दुसऱ्याच कंपन्या बनवीत. गिऱ्हाईक सराफाच्या दुकानात आपल्या ऐपतीप्रमाणे दोन्ही निवडून जोडून घेई. म्हणून मशीनवरचा क्रमांक आणि केसवरचा क्रमांक निराळे असणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे. खरा संशय वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. मशीन केसमध्ये घट्ट धरून ठेवणाऱ्या स्क्रूंच्या डोक्यांचे ठसे केसच्या आतल्या कडेवर उमटतात आणि आजच्या स्क्रूंपासून दूर तशाच ठशांची दुसरी जोडी दिसली, तर त्या केसमध्ये पूर्वी दुसरे मशीन होते असे समजावे.

घड्याळाची जन्मतारीख शोधायची ती मशीनवरच्या क्रमांकावरून. आटे असलेले मागचे झाकण तळहात टेकवून डावीकडे फिरवले की निघते आणि आतल्या पट्टीवर कोरलेला क्रमांक दिसतो. कारखान्याच्या नोंदींवरून तयार झालेल्या तक्त्यांत तो ताडून पाहिला की निर्मितीचे साल अंदाजाने कळते. त्याच पट्टीवर ‘विल्यम एलरी’ किंवा ‘पी. एस. बार्टलेट’ अशी नावे आढळली तर ती घड्याळ बनवणाऱ्यांची नसून कारखान्याने आपल्या दर्जांना दिलेली नावे आहेत, हे ध्यानात ठेवावे. ज्युअल म्हणजे चाकांचे आस जिथे टेकतात तिथे घर्षण कमी करण्यासाठी बसवलेले माणकासारखे कठीण खडे होत. त्यांची संख्या दर्जा सुचवते, पण तेवढ्यावरून किंमत ठरत नाही.

दर्जाचा सर्वांत कडक कस रेल्वेने लावला. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन जीवितहानी झाली. एका कर्मचाऱ्याचे घड्याळ काही मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे या अपघाताचे कारण सांगितले गेले. त्यानंतर क्लीव्हलंडचा जवाहिऱ्या वेब बॉल याच्याकडे घड्याळांच्या तपासणीची व्यवस्था सोपवली गेली आणि पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार रेल्वेच्या घड्याळाला झाकण नसलेली उघडी तबकडी, ठसठशीत अंक, किमान १७ ज्युअल आणि आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक न चुकणारी चाल आवश्यक ठरली. त्याचा साइज १६ किंवा १८ लागे, म्हणजे मशीनचा व्यास सुमारे ४३ ते ४५ मिलिमीटर. अशा मशीनवर आढळणाऱ्या ‘पाच स्थितींत समायोजित’ या शब्दांचा अर्थ असा, की तबकडी वर, तबकडी खाली आणि घड्याळ उभे धरून चावीची मूठ वर, डावीकडे व उजवीकडे अशा पाचही स्थितींत त्याची चाल जुळवलेली आहे. अशा घड्याळाचे काटे फिरवण्यासाठी पुढची काच उघडून तबकडीच्या कडेची बारीक तरफ बाहेर ओढावी लागते. चावी देताना काटे चुकून सरकू नयेत, एवढ्यासाठी ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे.

केसच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज सोन्याविषयी होतो. ‘२० वर्षांची हमी’ अशी अक्षरे आत दिसली तर ती केस सोन्याची नसून, हलक्या धातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा चढवून बनवलेली आहे आणि ती हमी वरचे सोने न झिजण्याची आहे. झाकणाच्या आतले बारीक ओरखडेही पुसून टाकू नयेत, कारण दुरुस्ती करणारे कारागीर आपल्या खुणा व तारखा तिथे कोरून ठेवीत. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या इंग्लिश बनावटीच्या घड्याळात, तबकडीखाली, जोनाथन डिलन या कारागिराने एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाची पहिली बातमी कोरली होती; ती २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात घड्याळ उघडल्यावर सर्वांसमोर आली.

हेच नियम मुंबईच्या चोरबाजारात जसेच्या तसे लावता येणार नाहीत. भारतात विकली गेलेली बरीच जुनी घड्याळे स्विस असून ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’सारखे तबकडीवरचे नाव अनेकदा विक्रेत्याचे असते, प्रत्यक्ष बनवणाऱ्याचे नसते, शिवाय नव्याने रंगवलेल्या तबकड्याही तिथे पुष्कळ असतात. तिथेही अखेरचा भरवसा आतल्या मशीनवरच ठेवावा.

पहिले घड्याळ घेताना दुर्मिळतेपेक्षा पूर्णतेला महत्त्व द्यावे आणि अखंड तबकडी, मूळचे काटे व न गंजलेले मशीन असलेले साधे वॉल्थम निवडावे. जुने तेल घट्ट होऊन आस झिजवते, म्हणून साफसफाई झाल्याखेरीज ते रोज चालवू नये. झाकणाचे घड्याळ मिटताना मूठ दाबून धरावी, म्हणजे खिट्टी झिजत नाही. आणि प्रत्येक घड्याळाचे क्रमांक, खुणा, खरेदीचे ठिकाण व दुरुस्ती यांची नोंदवही ठेवावी. अशा नोंदी असल्या तरच पुढच्या पिढीला ते घड्याळ वाचता येते आणि संग्रहाला अभ्यासाचे मोल येते.



मामा