आकडा दिसतो, नाणं कुठे आहे?

क्रिप्टोतल्या फसवणुकीच्या तक्रारी तपासताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो : तुम्ही नेमकं काय विकत घेतलं? उत्तर म्हणून बहुतेक जण मोबाइल पुढे करतात. ॲपमध्ये हिरवा आकडा असतो, काल तीन लाख, आज चार. तो आकडा कुणी लिहिला, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

बिटकॉइनची नोंदवही 2009 पासून सगळ्यांसाठी उघडी आहे. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, हे कुणालाही पाहता येतं. फसवणूक या वहीत खाडाखोड करून होत नाही. ती होते वहीबाहेर, रुपये देण्याघेण्याच्या आणि नाणी खर्च करण्याची डिजिटल किल्ली सांभाळण्याच्या जागी. महाराष्ट्राला हा धडा फार महाग पडला.

अमित भारद्वाजने 2015 मध्ये ‘गेनबिटकॉइन’ ही योजना आणली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही ‘क्लाउड मायनिंग’ करून 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा देऊ, असं तिचं आश्वासन होतं. मायनिंग, म्हणजे यंत्रं चालवून नवी बिटकॉइन मिळवणं, जाणणाऱ्याला इथेच शंका यावी. नेटवर्कमध्ये यंत्रं वाढली की बिटकॉइन मिळवणं अवघड होतं. ही काठिण्यपातळी दर 2,016 ब्लॉकनंतर (वहीच्या पानांनंतर), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आपोआप बदलते. शिवाय जुलै 2016 मध्ये एका ब्लॉकमागचं बक्षीस 25 बिटकॉइनवरून 12.5 वर आलं. मूळ उत्पन्नच असं घटत असताना ठरावीक टक्के देणार कोण? सगळा भार नव्या गुंतवणूकदारांच्या नाण्यांवर होता. 2017 मध्ये त्यांचा ओघ आटला आणि बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं घरचं टोकन लोकांच्या हाती पडू लागलं. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने अगदीच किरकोळ होती. लोकांनी खरी नाणी दिली, परत मिळाला आकडा.

पुणे पोलिसांनी भारद्वाजला एप्रिल 2018 मध्ये अटक केली. जानेवारी 2022 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी पकडलं. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी परस्पर स्वतःकडे वळवली, असा आरोप आहे. ज्याच्याकडे किल्ली, त्याचं नाणं. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली ही प्रकरणं सीबीआयकडे सोपवली.

‘वनकॉइन’ तर याहून पुढचं. बल्गेरियातून रुजा इग्नातोवाने जगभर विकलेल्या या ‘नाण्या’ला बिटकॉइनसारखी उघडी नोंदवही, म्हणजे खरी ब्लॉकचेनच नव्हती. एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या एका सभेवर छापा घालून 18 जणांना अटक केली. ऑक्टोबरमध्ये इग्नातोवा सोफियाहून अथेन्सला विमानाने गेली आणि नाहीशी झाली. 2022 पासून तिचं नाव एफबीआयच्या दहा ‘मोस्ट वॉन्टेड’ गुन्हेगारांच्या यादीत आहे.

ब्लॉकचेन खरी असली म्हणजे भागलं, असंही नाही. 2021 च्या ऑक्टोबरअखेर ‘स्क्विड गेम’ मालिकेच्या नावाने एक टोकन आलं. काही दिवसांत त्याचा भाव 2,800 डॉलरच्या वर गेला आणि 1 नोव्हेंबरला काही मिनिटांत जवळपास शून्यावर कोसळला. तोवर लोकांना ते विकत घेता येत होतं, पण विकू पाहणाऱ्यांना विकता येत नव्हतं.

आताचे भामटे सभा भरवत नाहीत. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नफ्याचे स्क्रीनशॉट पडतात. ॲप लिंकवरून डाउनलोड करायला सांगतात. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या बँक खात्यात भरायचे असतात. सुरुवातीला पाच हजार टाकले तर साडेपाच हजार खरोखर परत येतात, म्हणून विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की निरोप येतो : आधी 30 टक्के कर भरा.

क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, हे खरं. पण तो आयकर खात्याकडे जातो. 1 टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. आपलेच पैसे सोडवून घेण्यासाठी ॲपच्या खात्यात आधी भरावा लागेल, असा कोणताही कर कायद्यात नाही. ही मागणी आली की व्यवहार तिथेच थांबवावा.

खरेदी करायचीच असेल, तर एक्स्चेंज फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का, ते पाहावं; मार्च 2023 पासून ही व्यवस्था लागू आहे. मात्र नोंदणी म्हणजे हमी नव्हे. जुलै 2024 मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली नाणी वर्षाहून अधिक काळ काढता आली नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही.

अनोळखी माणसाशी थेट ‘पी-टू-पी’ व्यवहार करताना आणखी एक धोका असतो. आपण ‘यूएसडीटी’ हे टोकन विकतो, यूपीआयने पैसे येतात आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतले निघतात. मग आपलंच खातं गोठतं. एक्स्चेंजवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल, तर व्यवहार करू नये.

स्वतःचं वॉलेट असेल, तर त्याची किल्ली असलेले 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून ठेवावेत. स्क्रीनशॉट काढू नये, कुठल्याही ‘कस्टमर केअर’ला सांगू नयेत. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नये. पहिली आणि शेवटची अक्षरं सारखी असलेला बनावट पत्ता तिथे मुद्दाम पेरलेला असू शकतो. पत्ता पूर्ण तपासावा, आधी छोटी रक्कम पाठवून पाहावी.

एवढं करूनही फसगत झालीच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वॉलेटचा पत्ता आणि ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी ठेवावा. रुपये बँकांमध्ये फिरत असतात तोवर ते गोठवता येतात. त्यांची क्रिप्टो होऊन परदेशी वॉलेटमध्ये गेली की माग दिसत राहतो, पैसे हाती येणं कठीण होतं. ‘फी भरा, आम्ही सोडवून देतो’ म्हणणारे पुढच्या आठवड्यात फोन करतीलच. त्यांना उभं करू नका. आणि लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. तक्रार त्याच दिवशी नोंदवा.