पाय वळतात तिकडं

1993 साली किल्लारीत दहा-बारा वर्षांचा असलेला एखादा मुलगा घ्या. उंबऱ्याबाहेर पडल्यावर कुठं वळायचं, हे त्याला ठरवावं लागत नसे. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, घराघरांतून गेलेले बोळ. उन्हाळ्यात ज्या भिंतीची सावली, त्या अंगानं पाय चालत. अंगावर येणारं कुत्रं ज्या दारात, तो बोळ आपोआप टळे. शाळेला जायची वाट एक, यायची दुसरी. का, ते त्याला सांगता आलं नसतं. नीळकंठेश्वराला गेलं की प्रदक्षिणेत पन्हळीपाशी थबकून माघारी फिरायचं, हे त्याला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. पुढच्याच्या टाचा बघून तो वळायचा.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात तीच माळवदं खाली आली. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवली गेली.

नवी गावं आखीव निघाली. रस्ते रुंद आणि सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. जमीन किती, त्यावर घर ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. एका मापाची घरं जिथं एका बाजूला लागली, तिथं शेजार आणि भावकी पांगली. सारख्या घरांच्या ओळीत पाय कोणत्या खुणेवर वळणार?

रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी आला, की चकवा लागला म्हणतात. संशोधक यान सौमन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्यांनी माणसांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. आभाळ भरलं तेव्हा जंगलातली माणसं गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हेही खरं ठरलं नाही. एकच माणूस कधी डावीकडं झुके, कधी उजवीकडं. पायांना बाहेरची खूण लागते. जुन्या किल्लारीत ती पावलापावलावर होती.

हाच मुलगा पुढं लातूरला शिकायला गेला, तर गंजगोलाईच्या बाजारात तो गोंधळला नसता. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती 16 रस्ते. तरी मिरचीचा ठसका आला की कळतं कुठं वळायचं. तिथं नाकही वाट दाखवतं.

पुनर्वसनात भिंतीची मजबुती बघितली गेली, आणि ती बघायलाच हवी होती. चालण्याचा हिशेब मात्र मागं राहिला. पसरलेल्या गावात जावेला भेटायला निघालेल्या म्हातारीला दोन-दोन कोपरे घालून जायचं म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न. ती रस्ता सोडते, मोकळ्या जागेतून तिरपी निघते. तिच्यामागून दुसरी, मग शाळेची पोरं. उद्या कुणी तिथं कुंपण घातलं, तर पहिलं भांडण वाटेवरून होणार.