फोंग सरांचा चेंडू

गणिताच्या वहीत चित्रे काढायची नाहीत, असे आम्ही दोघींनी आजवर किती मुलांना बजावले असेल, याची मोजदाद नाही. आमच्यातली एक गणित शिकवते, दुसरी चित्रकला. शिक्षक-खोलीत आमची कपाटे शेजारी-शेजारी आहेत. मधल्या सुट्टीत डबा एकत्र खातो. पण वर्गाच्या दारात पाऊल टाकले की एकीचा विषय 'मार्कांचा' आणि दुसरीचा 'आवडीचा', अशी वाटणी आम्ही निमूटपणे मान्य केली होती.

बरीच वर्षे झाली त्या गोष्टीला. आठवीतल्या एका मुलाच्या भूमितीच्या वहीत समासात एक चेंडू काढलेला सापडला. पेन्सिलीने छान सावली दिलेली, डावीकडे वर एक पांढरा ठिपका मोकळा सोडलेला. गणिताच्या बाईंनी त्यावर लाल शाईने फुली मारली आणि वही पालकांना दाखवायला सांगितली. चित्रकलेच्या बाईंना हे कळले, पण त्याही काही बोलल्या नाहीत. पालकांनी चित्रकला बंद केली आणि मुलाला गणिताची आणखी एक शिकवणी लावली. गणितात तो फार पुढे गेला नाही आणि चित्रे काढायचे तर त्याने सोडूनच दिले.

ही गोष्ट आम्ही विसरूनही गेलो होतो. नववीतल्या एका मुलीच्या प्रश्नाने ती पुन्हा वर आली. तिने विचारले, "बाई, मोबाइलवरच्या खेळात चेंडू गरगर फिरतो, पण त्याच्यावरचा चमकता ठिपका दिव्याच्या बाजूलाच राहतो. तो कोण रंगवतं?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, हे गणिताच्या बाईंना विचार. गणिताच्या बाई म्हणाल्या, हे चित्रकलेचे आहे. मग दोघींनाही थोडी लाज वाटली आणि आम्ही एकत्र वाचायला बसलो. तेव्हा आमची ओळख बुई तुओंग फोंग या प्राध्यापकांशी झाली.

फोंग यांचा जन्म 1942 साली व्हिएतनाममधल्या हनोईचा. पुढचे शिक्षण फ्रान्समध्ये, ग्रेनोबल आणि तुलूझ इथे झाले. 1971 मध्ये ते अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आले. सॉल्ट लेक सिटीतला हा संगणक विभाग तेव्हा नवा होता. डेव्हिड इव्हान्स या प्राध्यापकांनी तो उभा केला होता आणि 1968 मध्ये आयव्हन सदरलंड यांना तिथे आणले होते. सदरलंड यांनी 1963 सालीच पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढता येतील असा 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. या दोघांची शिकवण्याची रीत आम्हाला फार आवडली. विद्यार्थ्यांना तयार उत्तरे न देता ते न सुटलेले प्रश्न द्यायचे. 1972 मध्ये सदरलंड यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पत्नीच्या फोक्सवॅगन मोटारीवर चक्क रेघा आखल्या, एकेक बिंदू मोजपट्टीने मोजला आणि ती मोटार संगणकात उतरवली. अभ्यासक्रमात बसते का, असे तिथे कुणी विचारले नसावे!

आता त्या चेंडूकडे येऊ. संगणकाला गोल पृष्ठभाग सहज काढता येत नाही, म्हणून तो चेंडू लहान-लहान सपाट तुकड्यांचा बनवतात. प्रत्येक तुकड्याला एकच छटा दिली, तर चेंडू आरसे चिकटवलेल्या गोळ्यासारखा दिसतो. त्याच विद्यापीठात आंरी गुरो या फ्रेंच विद्यार्थ्याने 1971 मध्ये एक तोड काढली. तुकड्याच्या फक्त कोपऱ्यांवर उजेड मोजायचा आणि मधल्या भागात एका छटेतून दुसरीत हळूहळू जायचे. चेंडू गुळगुळीत दिसू लागला. पण चमकता ठिपका नेमका तुकड्याच्या मध्यावर पडला तर तो हरवून जायचा, कारण कोपऱ्यांना त्याची खबरच नसायची.

फोंग यांनी इथे एक वेगळा विचार केला. छटा मिसळण्याऐवजी त्यांनी दिशा मिसळली. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर एक लंब उभा असतो. कणकेच्या गोळ्यात चोहोबाजूंनी काड्या सरळ खोचल्या तर कशा दिसतील, तसे हे लंब. कोपऱ्यांवरच्या काड्यांची दिशा माहीत असेल, तर मधल्या प्रत्येक ठिपक्यावरची काडी कुठे वळेल हे काढता येते. मग त्या-त्या ठिपक्याचा उजेड नव्याने मोजायचा. काम कितीतरी वाढले, पण हरवलेला ठिपका सापडला.

उजेडाचेही त्यांनी तीन भाग केले. पहिला, खोलीभर पसरलेला अंधुक उजेड, जो सावलीतही असतो. दुसरा, दिव्याचा थेट उजेड. तो लंब आणि दिव्याची दिशा यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी होतो. हा नियम लाम्बर्ट यांनी 1760 सालीच सांगितला होता. तिसरी ती चकाकी. तिच्यासाठी फोंग यांनी अगदी साधी युक्ती केली. परावर्तित किरण आणि आपली नजर यांच्यातल्या कोनाचा कोसाइन घ्यायचा आणि त्याचा मोठा घात करायचा. कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहा. 20 अंशांचा कोसाइन सुमारे 0.94 आहे. त्याचा दहावा घात 0.54 होतो आणि पन्नासावा जेमतेम 0.04. म्हणजे घात जितका मोठा, तितकी चकाकी लहान आणि टोकदार. मातीच्या मडक्याला लहान घात पुरतो, घासलेल्या तांब्याच्या कळशीला मोठा लागतो. दहावीच्या त्रिकोणमितीतला कोसाइन इथे ब्रशचे काम करतो!

चित्रकलेच्या बाई हे वाचून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मी वर्गात हेच तर सांगते. आधी पूर्ण गोळ्यावर हलकी छटा द्या, मग दिव्यापासून दूर जाल तशी गडद करा, आणि शेवटी चकाकीची जागा मोकळी ठेवा. तुमच्या त्या फोंग सरांनी माझे तीन टप्पेच मांडलेत की!"

आणखी एक गोष्ट आम्हाला भावली. आपली रीत खरी उतरते का, हे तपासायला फोंग यांनी संगणकाने काढलेल्या गोळ्याशेजारी खऱ्या गोळ्याचे छायाचित्र ठेवले. हे सूत्र म्हणजे पदार्थविज्ञानाचा नियम नव्हे. नीट पाहून, डोळ्यांना पटेल असे बांधलेले ते गणित आहे. चित्रकाराचीही रीत हीच नाही का?

1973 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. पण विद्यार्थी असतानाच त्यांना रक्ताचा कर्करोग जडला होता. आपल्यापाशी वेळ थोडा आहे हे ठाऊक असूनही त्यांनी हे काम पुरे केले. 1975 मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि त्याच वर्षी ते गेले. पस्तिशीही पाहिली नाही. निवृत्तीचा सत्कार नाही, मानपत्र नाही, प्राध्यापकीची मोजकीच वर्षे. पण पुढच्या पन्नास वर्षांत जगात जिथे-जिथे संगणकावरची चित्रकला शिकवली गेली, तिथे पहिल्या काही धड्यांत त्यांचे नाव येत राहिले. आता चित्रपटांसाठी याहून अचूक रीती आल्या आहेत, तरी शिकणारा सुरुवात बहुधा फोंगपासूनच करतो. आणि गंमत पाहा, व्हिएतनाममध्ये आपल्या हजेरीपटासारखे आडनाव आधी लिहितात. बुई हे आडनाव, फोंग हे हाक मारायचे नाव. साऱ्या जगाने त्यांचा शोध त्या हाकेच्या नावानेच लक्षात ठेवला.

हे सगळे वाचून झाले आणि आम्हाला ती लाल फुली आठवली. त्या मुलाने समासात जे काढले होते, ते गणितच होते. फक्त आम्हा दोघींपैकी कुणालाही ते ओळखता आले नाही. तो आता संसारी गृहस्थ आहे. एका लग्नात भेटला तेव्हा आम्ही त्याला हे सांगितले आणि चुकल्याचेही सांगितले. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या बाई, मला तर आठवतही नाही." पण थोड्या वेळाने पानावर बसताना त्याने विचारले, "तो ठिपका डावीकडेच होता ना?"

गेल्या सत्रात आम्ही नववीचा एक तास दोघींनी मिळून घेतला. खिडक्या लावल्या, टेबलावर रबरी चेंडू आणि स्टीलचा गोल डबा ठेवला, टॉर्च लावला. निम्म्या मुलांनी चित्र काढले, निम्म्यांनी कोन मोजून कोसाइनचे घात काढले, मग अदलाबदल केली. गोंधळ खूप झाला. तासाची घंटा कधी झाली ते मात्र कुणालाच कळले नाही. गणितात नेहमी मागे राहणारा एक मुलगा फळ्यापाशी येऊन सांगत होता, की डब्याला पन्नास घात घ्या, दहाने तो डबा मेणाचा वाटेल.

आपल्या वडोदऱ्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 साली इथे कलाभवन सुरू झाले. तिथे चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकवत असत. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. ही वाटणी आपण नंतर केली.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे, की वेळापत्रकात महिन्यातून एक असा जोडतास द्यावा. खर्च चेंडूचा आणि टॉर्चच्या सेलचा. पालकांनाही एवढेच सांगणे आहे, की मुलाच्या वहीच्या समासात चित्र दिसले, तर रागावण्याआधी ते कशाचे आहे हे त्याला एकदा विचारा. आम्ही विचारले नव्हते.