ओहोटीचं फुकट इंजिन

मुलांनो, चिपळूणजवळच्या गोवळकोटहून वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळला जायचं म्हणजे सुमारे ४० किलोमीटरचा पल्ला! होडीला छोटं मशीन, जवळ मोजकं पेट्रोल. ते पुरवायचं कसं?

ओहोटी लागली की निघायचं! समजा, होडीचा वेग तासाला ८ किलोमीटर आणि पाण्याचा २. मग ३० किलोमीटरला पाण्याबरोबर ३ तास, उलट गेलात तर ५! पेट्रोल मात्र दर तासाला तेवढंच जळणार. घाईही नको. वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध निदान चौपट होतो.

परतताना भरती धरायची. पेट्रोलचे तीन वाटे करायचे: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. भर खाडीत पेट्रोल संपलं, तर खाली उतरून होडी ढकलता येत नाही. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत बरं का!